नायक कोणाला म्हणायचं? : ओम पुरी यांच्या वाटचालीच्या निमित्ताने

आजच्या व्याख्यानाचा विषय एका नटाची वाटचाल हा आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने सिनेमावर का बोलावं, असं कुणाच्या मनात आलं तर ते स्वाभाविक आहे. पण आम्ही बोलणार आहोत ते अभिनयाच्या खुब्यांबद्दल नाही, इतिहासाबद्दल. एक माणूस लहान लहान भूमिका करत मुख्य भूमिकेपर्यंत आला. ही घटना कशी घडली, त्याच काळात का घडली आणि तिचं श्रेय नेमकं कोणाकोणाकडे जातं, एवढं आज तपासायचं आहे.

ओम पुरींची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. अंबाल्याच्या गरीब घरातला मुलगा. लहानपणी चहाच्या टपरीवर कपबश्या धुतल्या, रेल्वेच्या रुळांकडेचा कोळसा वेचला. चेहऱ्यावर देवीचे व्रण. पुढे नाटकाचं वेड लागलं, शिक्षण घेतलं, मुंबईत आला, मिळेल ते काम केलं, आणि अखेर गुणांचं चीज झालं. ६ जानेवारी २०१७ रोजी ते मुंबईत वारले, तेव्हा सगळीकडे ही गोष्ट याच क्रमाने सांगितली गेली. यातला प्रत्येक तपशील खरा आहे. आमची हरकत आहे ती शेवटच्या वाक्याला. ‘अखेर गुणांचं चीज झालं’ या वाक्यात एक सिद्धान्त दडलेला आहे. गुण असले, कष्ट केले, धीर धरला, की फळ आज ना उद्या मिळतंच, असा तो सिद्धान्त. ऐकायला बरा वाटतो. पण तो मान्य केला की त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते : ज्यांना फळ मिळालं नाही त्यांच्यात गुण कमी होते, किंवा त्यांचा धीर तोकडा पडला. आज आपल्यासमोर बसलेल्यांत नाटक-सिनेमात उमेदवारी करणारी तरुण मुलं आहेत. त्यांच्या पदरात हा सिद्धान्त घालण्याआधी तो खरा आहे का, हे पाहायला हवं.

आधी थोडा जीवनक्रम पाहू. ओम पुरींचा जन्म १९५०चा. तारीख घरात कुणी लिहून ठेवलेली नव्हती. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी जन्मला, एवढंच आईला आठवत होतं. शाळेत घालताना एक तारीख लावली गेली आणि मोठेपणी मुंबईत आल्यावर त्यांनी स्वतः १८ ऑक्टोबर ही तारीख ठरवली. पतियाळ्याला शिकत असताना पोटासाठी वकिलाकडे मुनशीगिरी, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी, असं चालू होतं. तिथेच हरपाल टिवाणा यांच्या ‘पंजाब कला मंच’मध्ये नाटकाची गोडी लागली. मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. इब्राहिम अल्काझी तेव्हा तिथे संचालक होते. १९७३ साली बाहेर पडलेल्या तुकडीत नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी दोघेही होते. त्यानंतर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, आणि मग मुंबई.

आता या यादीतली दोन नावं जरा थांबून पाहू. राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झालं १९५९ साली. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६०ची, प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली. त्याच १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आलं, म्हणजे बाजाराला न रुचणाऱ्या चित्रपटांना सरकारी कर्ज मिळायची सोय झाली. ओम पुरी आठ ते दहा वर्षांचे असताना या तिन्ही गोष्टी अस्तित्वात आल्या. हाच मुलगा वीस वर्षं आधी जन्मला असता तर पतियाळ्याच्या हौशी रंगभूमीपर्यंत आला असता, आणि तिथून पुढे त्याच्यासाठी रस्ताच नव्हता. एवढंच नाही, पुण्याचा अभिनयाचा अभ्यासक्रम सत्तरच्या दशकात बंद पडला आणि पुढे अनेक वर्षं बंदच राहिला. म्हणजे काही वर्षं उशिरा जन्मला असता तरीही ते दार लागलेलंच दिसलं असतं.

दार उघडं होतं, ठीक. पण आत गेल्यावर काय? तिथे प्रश्न येतो ‘नायक’ या शब्दाचा.

‘नायक’ हा शब्द ‘नी’ या धातूवरून आला. नेणारा तो नायक, कथेला फळापर्यंत घेऊन जाणारा. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपक’ लिहिलं. त्यात नायकाच्या गुणांची लांबलचक यादी आहे : तो विनयशील असावा, मधुर असावा, दक्ष, उदार, चांगल्या कुळातला, तरुण, बुद्धिमान, आणखी बरंच काही. मग धीरोदात्त, धीरललित, धीरशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार. आणि एक जागा सहायकाची आहे. उपकथानकाचा जो नायक, त्याला तिथे ‘पीठमर्द’ म्हटलं आहे. तो चतुर असतो, नायकाचा भक्त असतो, आणि गुणांनी नायकापेक्षा किंचित उणा असतो. हे ‘किंचित उणा’ आपण लक्षात ठेवू. सहायकाने उणं असणं हा तिथे नियमच आहे. तो नायकाच्या तोडीचा झाला तर रचना बिघडते.

सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाने धनंजय वाचला नव्हता, पण व्यवहारात हीच विभागणी होती. तिच्यामागे पैशाचं गणित होतं. चित्रपट तयार व्हायच्या आधीच प्रांताप्रांतातल्या वितरकांना विकला जाई. वितरक जी आगाऊ रक्कम देत ती नायकाच्या नावावर. गोष्ट लिहिलेली नसली तरी चालत असे, नायक ठरलेला लागे. म्हणजे नायक ही एका अर्थाने तारण ठेवलेली मालमत्ता होती. आणि ज्याच्या नावावर आजवर कुणी पैसे दिलेले नाहीत त्याच्या नावावर पहिल्यांदा कोण देणार? हे वर्तुळ नुसत्या कष्टाने भेदलं जात नाही. चरित्र अभिनेता वीस वर्षं उत्तम काम करत राहिला तरी त्यातून तो अधिक चांगला चरित्र अभिनेता होतो. नायक होत नाही.

मग ओम पुरी या वर्तुळाबाहेरून आत कसे आले? इथे आपल्याला पुण्याला यावं लागतं. त्यांचा पहिला चित्रपट मराठी होता आणि त्यात ते नावाच्या भूमिकेत होते. १९७६चा ‘घाशीराम कोतवाल’. विजय तेंडुलकरांचं नाटक १९७२ साली रंगभूमीवर आलं आणि त्याने काय वादळ उठवलं, हे इथे वेगळं सांगायला नको. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली आणि त्या नाटकावर चित्रपट केला. मणी कौल, के. हरिहरन ही त्यातली नावं. रंगभूमीवर नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे चित्रपटातही नाना झाले. घाशीराम कोण? तर अंबाल्याचा हा पंजाबी नट. यातलं औचित्य पाहा. घाशीराम मूळचा कनोजचा, पुण्यात परका, इथे अपमानित झालेला आणि त्या अपमानातूनच उभा राहिलेला. परक्या माणसाने परक्याची भूमिका करावी, हे त्या मंडळींना सुचलं. बाजाराला सुचलं नसतं.

चित्रपट फार थोड्यांनी पाहिला. त्याने ओम पुरींच्या नावाला बाजारात काहीही किंमत आली नाही. म्हणजे ‘छोट्या भूमिकांतून हळूहळू वर’ हा जो सरळ चढ आपण मनात काढतो, तो पहिल्याच पायरीला मोडतो. सुरुवात नावाच्या भूमिकेने झाली, आणि त्यानंतर आल्या लहान भूमिका. सईद मिर्झांच्या ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’मध्ये ते गॅरेजमधले मेकॅनिक आहेत. सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’मध्ये अंध शाळेशी संबंधित एक छोटी भूमिका आहे. बेनेगलांच्या ‘कलयुग’मध्ये कामगार पुढारी. हे सगळे चित्रपट १९८०च्या आसपासचे. मुख्य भूमिकांत नसीरुद्दीन शाह, शशी कपूर अशी माणसं.

या छोट्या भूमिकांकडे पाहताना एक गोष्ट जाणवते. लहान भूमिकेतला नट सहसा आपले दोन प्रसंग साजरे करून जातो. पडद्यावर वेळ कमी, तेव्हा लक्षात राहायची धडपड. ओम पुरी तसं करत नाहीत. ते समोरच्याचं ऐकतात. हा माणूस दृश्य सुरू व्हायच्या आधीही कुठेतरी जगत होता आणि दृश्य संपल्यावरही जगणार आहे, असं वाटत राहतं. हा गुण कुठल्याही समितीने किंवा संस्थेने त्यांना दिलेला नाही, तो त्यांचा स्वतःचा. पण तो असून भागत नव्हतं. तो गुण ज्याला लागेल अशी गोष्ट कुणीतरी लिहायला हवी होती.

ती तेंडुलकरांनी लिहिली. १९८०चा ‘आक्रोश’. दिग्दर्शक गोविंद निहलानी, त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. त्याआधी ते कॅमेरामन होते. तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी काढलेला चित्रपट त्यांनी चित्रित केला होता. ‘आक्रोश’मधला लहान्या भिकू हा आदिवासी. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे. खून त्याने केलेला नाही, पण तो बोलत नाही. वकील येतो, विचारतो, विनवतो, चिडतो. लहान्या गप्प. जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर हा माणूस गप्प आहे. ज्यांनी हे केलं ते सगळे गावातले प्रतिष्ठित, आणि बोललं तर घरात उरलेल्या बापाचं, बहिणीचं, लेकराचं काय होईल हे तो जाणतो. शेवटी बाप मरतो, अग्नी द्यायला लहान्याला बेड्यांसह आणतात. मुकादमाची नजर आपल्या बहिणीवर आहे, हे त्याला दिसतं. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. आणि मग आकाशाकडे तोंड करून ओरडतो.

आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे विचारायला हवं : या चित्रपटाचा नायक कोण? श्रेयनामावली म्हणते, वकील भास्कर कुलकर्णी, म्हणजे नसीरुद्दीन शाह. तो शोध घेतो, धडपडतो, मार खातो, कथेला पुढे नेतो. धनंजयाच्या व्याख्येने तोच नायक. पण कथेचं सगळं वजन लहान्याच्या गप्प बसण्यावर आहे. त्याने तोंड उघडलं की चित्रपट संपेल, अशी रचना आहे. फिल्मफेअरने त्या वर्षी नसीरुद्दीन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं आणि ओम पुरींना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता. यात फिल्मफेअरची चूक काढायची नाही. आम्ही हे सांगतो आहोत ते अशासाठी की, या दोन पुरस्कारांत त्या काळची व्याख्या उघडी पडते. जो बोलतो तो नायक. ज्याच्याविषयी बोललं जातं तो सहायक. आणि ही व्याख्या काही फक्त सिनेमाची नव्हती. कोर्टात, कचेरीत, वर्तमानपत्रात आपण ती रोज वापरत होतो, आणि ‘आक्रोश’ याच गोष्टीबद्दल होता.

१९८१ आणि १९८२ ही दोन वर्षं तर फार बोलकी आहेत. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ केला. त्यातला दुखी म्हणजे ओम पुरी. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला ब्राह्मणाकडे गेलेला, उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरणारा माणूस. ब्राह्मणाच्या भूमिकेत पुन्हा मोहन आगाशे, आणि गंमत म्हणजे त्या पात्राचं नाव घासीराम. बेनेगलांनी ‘आरोहण’ केला, पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने. त्यात हरी मंडल हा बटाईदार शेतकरी जमिनीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करतो. ही मुख्य भूमिका होती आणि तिला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्याच सुमारास ॲटनबरोंच्या ‘गांधी’त ते काही मिनिटांपुरते येतात. कलकत्त्याच्या उपोषणात गांधींच्या अंगावर भाकरी फेकून ‘मी एका लहान मुलाला मारलं’ असं सांगणारा दंगलखोर. ज्यांनी पाहिलंय ते विसरलेले नाहीत. आणि त्याच वर्षी ‘डिस्को डान्सर’मध्ये मिथुन चक्रवर्तींच्या मॅनेजरची भूमिका! राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा मुख्य अभिनेता आणि डिस्को डान्सरचा मॅनेजर, एकाच वेळी, एकच माणूस. तो वर चढत होता की जागच्या जागी होता? दोन्ही. दोन वेगळे बाजार होते आणि त्यांच्या व्याख्या वेगळ्या होत्या.

मग १९८३ साली ‘अर्धसत्य’ आला आणि काही काळापुरते हे दोन बाजार एकमेकांना भेटले.

‘अर्धसत्य’च्या मुळाशी मराठी कथा आहे. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. पटकथा तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे. चित्रपटाला नाव मिळालं ते दिलीप चित्रे यांच्या कवितेवरून. दिग्दर्शक निहलानी. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर या मराठी पोलिसाच्या भूमिकेत ओम पुरी. आता हा माणूस कसा आहे पाहा. त्याला पुढे शिकायचं होतं. पोलीस खात्यातल्याच बापाने त्याला पोलिसात ढकललं. बाप आईला मारायचा आणि हा पाहत राहायचा. नोकरीत प्रामाणिक आहे, पण पकडलेला गुंड वरच्या फोनने सुटतो. रामा शेट्टी हसतो. मग साचलेला राग भलतीकडे बाहेर पडतो, आणि कोठडीतला एक भुरटा चोर त्याच्या हातून मार खाऊन मरतो. आता स्वतःला वाचवायला तो रामा शेट्टीकडेच जातो. शेट्टी म्हणतो, वाचवतो, पण माझा होऊन राहा. वेलणकर तिथेच त्याचा गळा आवळतो आणि ठाण्यावर जाऊन हजर होतो.

दहा वर्षं आधी, १९७३ साली, ‘जंजीर’मध्ये सलीम-जावेद यांनी एक रागीट इन्स्पेक्टर उभा केला होता. अमिताभ बच्चन यांचा विजय. त्याच्या रागाला लक्ष्य सापडतं आणि राग जिंकतो. प्रेक्षक मोकळा होऊन घरी जातो. वेलणकरचा राग जिंकत नाही. तो आधी एका दुबळ्या माणसाचा जीव घेतो. त्याच्यात बाप उतरला आहे आणि ते त्याला कळतं आहे. दशरूपकातल्या चार प्रकारांपैकी कुठल्यात बसवाल? धीरोद्धत म्हणावं तर धीर नाही. पण कथा त्याच्याशिवाय एक पाऊलही हलत नाही. नायकाची जागा तीच, तिच्यात बसणारा माणूस मात्र बदलला. आणि या माणसासाठी देखणा, तारण ठेवण्याजोगा चेहरा अडचणीचाच ठरला असता. गर्दीत मिसळून जाणारा, खरखरीत, अपमान गिळण्याची सवय असलेला चेहरा हवा होता. देवीचे व्रण असलेला चेहरा इथे अडथळा उरला नाही.

चित्रपट चालला. चित्रपटगृहांत चालला, हे महत्त्वाचं, कारण अशा चित्रपटांना ते भाग्य क्वचित मिळे. ओम पुरींना दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८४ साली कार्लोवी वारीच्या महोत्सवातही अभिनयाचा पुरस्कार मिळाला. मराठी रंगभूमीवरून आलेले सदाशिव अमरापूरकर रामा शेट्टी म्हणून देशभर पोचले आणि त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पानवलकरांना कथेचा, तेंडुलकरांना पटकथेचा. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेता त्या वर्षी मात्र ‘मासूम’साठी नसीरुद्दीन शाह ठरले. पण तो भाग सोडून देऊ.

लौकिक गोष्ट इथे संपते. छोट्या भूमिकांतून आलेला माणूस शिखरावर पोचला, पडदा पडला. इतिहास मात्र पुढे चालू राहतो, आणि आमच्या मते खरा पुरावा पुढच्याच भागात आहे.

‘अर्धसत्य’नंतर ओम पुरी हिंदी सिनेमाचे नायक झाले का? नाही. सिद्धान्त खरा असता तर व्हायला हवं होतं. गुण सिद्ध झाले होते, लोकांनी तिकिटं काढून पाहिलं होतं. पण १९८२च्या आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आलं होतं, व्हिडिओ कॅसेट पसरत होत्या, चित्रपटगृहातला मध्यमवर्गीय प्रेक्षक घरी बसू लागला होता. ज्या प्रेक्षकाच्या बळावर समांतर सिनेमा उभा होता, तोच पातळ झाला. मुख्य भूमिका आता दूरदर्शनवर होती. १९८८ साली भीष्म साहनींच्या कादंबरीवर निहलानींनी ‘तमस’ केली, त्यातला नत्थू. त्याच सुमारास बेनेगलांची ‘भारत एक खोज’, तिच्यात औरंगजेबासह अनेक भूमिका. १९९० साली पद्मश्री मिळाली. सिनेमात मात्र ते पुन्हा चरित्र अभिनेता झाले होते.

पुढच्या मोठ्या भूमिका आल्या त्या इंग्लंडमधून. ज्या माणसाला नाट्य विद्यालयात इंग्रजीचा न्यूनगंड होता, त्याला! १९९७चा ‘माय सन द फॅनॅटिक’, लेखक हनीफ कुरेशी. त्यात परवेझ हा टॅक्सी चालवणारा पाकिस्तानी बाप आहे, आणि त्याचा मुलगा कडवा धार्मिक होत चालला आहे. १९९९चा ‘ईस्ट इज ईस्ट’, लेखक अयूब खान-दीन. त्यात सॅलफर्डमध्ये फिश अँड चिप्सचं दुकान चालवणारा जॉर्ज खान आहे. बायको इंग्रज, मुलं त्याचं ऐकेनाशी झालेली. या भूमिकेसाठी बाफ्टाच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या नामांकनांत ओम पुरींचं नाव होतं. हे का घडलं? कारण इंग्लंडमध्ये स्थलांतरितांच्या घरात वाढलेली लेखकांची पिढी तोवर लिहिती झाली होती. त्यांना आपल्या बापांची गोष्ट सांगायची होती. बापाचा चेहरा हवा होता. १९८० साली तेंडुलकरांना जो माणूस हवा होता, तोच १९९७ साली कुरेशींना हवा झाला. दोन्ही वेळा आधी लेखकाने माणसाकडे नव्याने पाहिलं, मग भूमिका झाली, आणि मग नट ‘मोठा’ झाला. इकडे भारतात त्याच काळात ते ‘चाची ४२०’, ‘हेरा फेरी’, ‘मालामाल वीकली’सारख्या विनोदी चित्रपटांतून लोकांना हसवत होते, आणि ते कामही मन लावून करत होते.

आता मूळ सिद्धान्ताकडे येऊ. ॲरिस्टॉटलने सुप्त सामर्थ्य आणि प्रत्यक्ष रूप असा भेद केला आहे. आंब्याच्या कोयीत झाड सुप्त आहे. पण कोय फडताळात ठेवली तर झाड होत नाही. माती, पाणी, ऊन लागतं. आपण यशोगाथा सांगतो तेव्हा माती, पाणी, ऊन गाळून टाकतो आणि सगळं कोयीच्या नावावर जमा करतो. शिवाय ज्या कोयी रुजल्या तेवढ्याच मोजतो. दिल्लीच्या आणि पुण्याच्या त्या तुकड्यांत आणखीही गुणी मुलं असणार. त्यांच्यातल्या ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, त्यांना धीर नव्हता असं म्हणायला आपल्याकडे काय आधार आहे? त्यांना लहान्या भिकू मिळाला नाही, एवढंच फार तर म्हणता येईल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मग काय सगळा परिस्थितीचाच खेळ? नटाचं काहीच नाही? तसं नाही. कोय आंब्याचीच लागते. दार १९८० साली उघडलं तेव्हा तिथे उभा असलेला माणूस तयार होता, म्हणून ‘आक्रोश’ झाला. ती तयारी गॅरेजमधल्या मेकॅनिकच्या भूमिकेत झालेली होती, जिथे कुणाचं लक्षही नव्हतं. दोन प्रसंगांच्या भूमिकेतही पूर्ण माणूस उभा करायचा, ही सवय नसती तर अडीच तास न बोलता पडदा धरून ठेवता आला नसता. म्हणजे तयारी नटाच्या हातात असते, दार नसतं. दोन्ही एकत्र येणं हा योग. त्या योगालाही कारणं असतात आणि ती शोधता येतात : संस्था, कर्ज, लेखक, प्रेक्षक. ही कारणं समाजाच्या हातात असतात, म्हणजे आपल्या हातात असतात. ‘गुणांचं चीज होतंच’ असं म्हटलं की ही जबाबदारी आपल्या अंगावरून निघून जाते. आम्हाला ते वाक्य खटकतं ते यासाठी.

तेव्हा जी मुलं आज उमेदवारी करताहेत त्यांना आम्ही ‘धीर धरा, फळ मिळेल’ असं सांगणार नाही. ते आमच्या हातात नाही. काम नीट करा, कारण नीट केलेलं छोटं काम त्याच्यापुरतं पूर्ण असतं. ‘गांधी’तला तो दंगलखोर काही मिनिटांचाच आहे, पण त्यात उणं काही नाही. आणि जे मागे राहिले त्यांना कमी लेखू नका, त्यांत उद्या तुम्ही स्वतः असलात तरीही. बाकीच्या आपण सगळ्यांनी, म्हणजे जे तिकीट काढतात, पुस्तकं विकत घेतात, संस्था चालवतात त्यांनी, एवढं पाहावं की आज आपल्या आसपास कोण गप्प बसलेलं आहे आणि त्याची गोष्ट कुणी लिहितं आहे का. कारण पुढचा ओम पुरी कुठेतरी तयार असेलच. त्याच्यासाठी भूमिका लिहिली जाते आहे की नाही, हे पाहणं आपल्याकडे आहे.

वेळ झाली. इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.